दुखतंय म्हटलं म्हणजे विश्वास कमी पडला असं नाही

प्रति,
माननीय संपादक,
स.न.वि.वि.

गेले काही आठवडे तुमच्या पेपरात दुःख आणि श्रद्धा या विषयावर वाचकांची पत्रं येतायत, मी सगळी वाचली, काही तर कापून पण ठेवलीत. एका वाचकाने लिहिलंय की दुःखात देवावर आशा ठेवणं म्हणजे मनाची समजूत काढणं, दुखणाऱ्या माणसाला गुंगीत ठेवून गप्प बसवणं. त्याला उत्तर म्हणून दुसऱ्या कोणी लिहिलं की श्रद्धा पक्की असेल तर दुःख माणसाच्या वाऱ्याला पण उभं राहत नाही. मी ख्रिस्ती आहे, सोलापूरला राहते, शाळेत मराठी शिकवून रिटायर झाले. ही दोन्ही पत्रं वाचून मला राहवलं नाही कारण दोघांचं भांडण एकमेकांशी असलं तरी दोघं एकच गोष्ट धरून चालतात, की आशा म्हणजे दुःख घालवायचा उपाय, एक म्हणतो तो उपाय खोटा आणि दुसरा म्हणतो तो हमखास लागू पडतो. आमच्या शास्त्रात आशा अशी नाहीच मुळी, आणि हे मी कुठलं प्रवचन ऐकून सांगत नाहीये, घरात बघितलंय.

माझी मोठी बहीण कॅन्सरने गेली. शेवटी शेवटी हाडांत पसरला होता, कूस बदलायची म्हटलं तरी चादर चारी टोकांनी धरून आम्ही तिघी-चौघी मिळून तिला हळूच सरकवायचो आणि तरी ती दात आवळून धरायची. भेटायला माणसं खूप यायची, प्रेमाने यायची, त्यांच्या प्रेमाबद्दल मला एक शब्द वाईट बोलायचा नाही. पण बोलायची काय? देवाची इच्छा. देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो. सगळं चांगल्यासाठीच असतं. आणि आरोग्याच्या सभा घेणाऱ्या एका ग्रुपमधून दोन जण आले होते ते तर उशाशी उभं राहून म्हणाले की ताई मनात एखादं पाप कबूल करायचं राहिलंय का ते बघा, आणि या गोळ्या सोडा, गोळ्यांवर भरवसा ठेवला तर प्रभू काम कसं करणार. ते गेल्यावर ताई बराच वेळ भिंतीकडे बघत होती आणि मग मला म्हणाली, माझाच विश्वास कमी पडला का गं? चाळीस वर्षं संडेस्कूल घेतलेली बाई ती, आख्ख्या गल्लीतल्या पोरांना तिने स्तोत्रं पाठ करून घेतलेली. कॅन्सरने जेवढं केलं नव्हतं तेवढं त्या एका वाक्याने केलं असं मला आजही वाटतं.

मग एकदा आमचे म्हातारे पाळक आले. खुर्ची ओढून बसले आणि बोललेच नाहीत, इतका वेळ की मला वाटलं यांना पण काय बोलावं कळत नसेल. मग त्यांनी बायबल उघडून स्तोत्र 88 वाचलं. हे आम्ही उपासनेत फार कमी वाचतो हो. बाकीच्या बहुतेक रडक्या स्तोत्रांमध्ये शेवटी तरी एक ओळ देवाच्या स्तुतीची येते, यात ती येतच नाही, रात्रंदिवस हाका मारतोय, तू तोंड का लपवतोस, माझी माणसं तू माझ्यापासून लांब केलीस, आणि शेवट होतो तो सरळ अंधारात. वाचून झाल्यावर पाळकांनी काही समजावून सांगितलं नाही. ताईने डोळे उघडले आणि म्हणाली, परत वाचा. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा ती रडली, आजारपणात पहिल्यांदा मोकळं रडली, आणि त्या रात्री तिला झोप लागली. मला विचाराल तर माझ्या बहिणीला आशा मिळाली ती त्या संध्याकाळी. बरं होण्याचं कुणी काही वचन दिलं नव्हतं, पण ती जे मनात दाबून बसली होती ते कुणीतरी हजारो वर्षांपूर्वी देवाच्या तोंडावर बोललंय आणि ते पुसून टाकायच्या ऐवजी शास्त्रात जपून ठेवलंय, हे कळल्याने तिची भीती गेली. मी देवावर चिडले तरी मी त्याचीच आहे, हे तिला उमगलं.

बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत आणि त्यातला फार मोठा भाग अशा गाऱ्हाण्यांचाच आहे, हे आपण 23वं स्तोत्र पाठ करण्याच्या नादात विसरून जातो. त्या 23व्यात सुद्धा दरी आहेच, मृत्युच्छायेची दरी, तिथे देव मेंढपाळ आहे, आणि तो मेंढपाळ मेंढराला दरीच्या वरून उचलून पलीकडे ठेवत नाही, दरीतूनच नेतो, फक्त बरोबर असतो. आणि बायबलमधल्याच ईयोबाची गोष्ट घ्या. त्याची मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोडं, राखेत बसलेला. मित्र आले आणि सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसले, एक शब्द बोलले नाहीत. तेवढंच काय ते त्यांनी बरोबर केलं! तोंड उघडल्यावर त्यांनी जे सुरू केलं ते अगदी आमच्या घरी आलेल्या त्या दोघांसारखंच, तुझं काहीतरी पाप असणार, उगीच कुणावर असं येत नाही, कबूल कर. ईयोब ऐकून घेत नाही, भांडतो, देवालाच कोर्टात खेचायची भाषा करतो. आणि 42 अध्यायांच्या त्या ग्रंथाच्या शेवटी देव कुणावर रागावतो? मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जे नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना सुनावतो. म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला. आजारी माणसाच्या उशाशी उभं राहून पाप शोधणाऱ्या प्रत्येकाने हा एक अध्याय आधी वाचून यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रभू येशूने पण हा पापाचा हिशेब मान्य केला नाही. जन्मापासून आंधळा माणूस बघून शिष्य विचारतात, पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापाने, तो म्हणतो याने पण नाही आणि आईबापाने पण नाही. शिलोहाचा बुरूज पडून 18 माणसं मेली होती, तो म्हणतो ती माणसं यरुशलेमातल्या बाकीच्यांपेक्षा जास्त पापी होती असं समजू नका. इतकं स्वच्छ लिहिलेलं असताना आपल्याच मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, आपल्याच लोकांना आजारपणाबद्दल दोषी धरलं जातं याचं मला फार वाईट वाटतं, आणि राग पण येतो.

त्या पहिल्या वाचकाने, श्रद्धेला मनाची समजूत म्हणणाऱ्याने, एकदा गेथशेमाने बागेची, येशूला पकडलं त्या रात्रीची, गोष्ट वाचावी असं मला मनापासून वाटतं. समजूतच काढायची असती तर ती गोष्ट कुणी अशी लिहिली नसती. उद्या मरण आहे हे येशूला माहीत आहे, तो मित्रांना म्हणतो माझ्याबरोबर जागे राहा, आणि मित्र झोपतात. तो बापाला म्हणतो शक्य असेल तर हा प्याला, म्हणजे हे मरण, टळू दे, आणि प्याला टळत नाही. दुसऱ्या दिवशी वधस्तंभावर तो ओरडतो, माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास? ही 22व्या स्तोत्राची पहिली ओळ, म्हणजे मरताना त्याच्या तोंडात पण विलापाचंच स्तोत्र होतं. आता मला सांगा, देवाच्या पुत्राची प्रार्थना त्या रात्री त्याने मागितली तशी पुरी झाली नाही तर माझ्या बहिणीची झाली नाही म्हणून तिचा विश्वास कमी होता असं म्हणायचा अधिकार कुणाला आहे? लाजर या आपल्या मित्राच्या कबरेजवळ तर येशू रडला, आणि काही क्षणांनी आपण याला उठवणार आहोत हे माहीत असताना रडला. मला ही जागा फार महत्त्वाची वाटते. शेवट चांगला होणार हे माहीत असलं म्हणून मधलं रडणं खोटं किंवा कमी दर्जाचं ठरत नाही. आपण मात्र मयताला गेलो की घरच्यांना म्हणतो रडू नका, ते प्रभूजवळ गेलेत. अहो गेलेत, आमचा पण तोच विश्वास आहे, पण रडू द्या की.

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आणि ईस्टरचा रविवार यांच्यामध्ये एक शनिवार असतो, त्याच्याबद्दल आम्ही मंडळीत काहीच बोलत नाही. शुक्रवारी दुपारी येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांची उपासना होते, रविवारी पहाटे गाणी, पांढरे कपडे, आणि शनिवारी आम्ही घर आवरतो आणि रविवारच्या जेवणाची तयारी करतो. पण शिष्यांसाठी तो शनिवार काय असेल? त्यांना रविवार माहीतच नव्हता. दार लावून बसलेली, घाबरलेली, ज्याच्यासाठी सगळं सोडलं तो कबरेत. किती माणसं आज त्या शनिवारात राहतायत, पोराचा ॲक्सिडेंट झालेला, रिपोर्ट यायचेत, नवरा गेलाय आणि कर्ज राहिलंय. त्यांना ओढत ओढत रविवारात आणून उभं करायची आपल्याला इतकी घाई का असते? रविवार येणार यावर माझा पूर्ण विश्वास आहे, पण तो देवाने आणायचाय, मी व्हॉट्सॲपवर फुलांचं चित्र फॉरवर्ड करून येत नसतो.

आता असं म्हणाल की मग या आशेने होतं काय. तर त्यासाठी आपल्या महाराष्ट्रातलंच एक माणूस पुरेसं आहे, पंडिता रमाबाई. शाळेत आपण त्यांचं नाव समाजसुधारक म्हणून एका ओळीत शिकवतो, मीही वर्षानुवर्षं पाठ्यपुस्तकात होतं तेवढं शिकवलं, पण त्यांच्या दुःखाचा पाढा वाचला तर छाती दडपते. जन्म 1858 चा. 1870 च्या दशकातल्या दुष्काळात तीर्थक्षेत्रं फिरणारं हे कुटुंब अक्षरशः उपाशी मेलं, आधी वडील, मग आई, मग मोठी बहीण. आई गेली तेव्हा खांदा द्यायला माणसं मिळेनात, कशीबशी दोन माणसं आली, उरलेला भार भाऊ आणि रमाबाई यांनी घेतला, आणि उंची कमी पडत होती म्हणून सोळा-सतरा वर्षांच्या त्या मुलीने आईचं प्रेत डोक्यावर पेलून स्मशानापर्यंत नेलं. पुढे 1880 मध्ये भाऊ गेला. लग्न झालं, मुलगी झाली, आणि 1882 मध्ये नवरा कॉलराने गेला. चोविसाव्या वर्षाच्या आत हे सगळं. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यावरून इकडे काय वादळ उठलं ते सगळ्यांना माहीत आहे, त्यात मी शिरत नाही.

मला सांगायचंय ते 1897 चं. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या तेव्हा रमाबाई तिकडे गेल्या. लांबून पैसे पाठवता आले असते, पण ज्या बाईने स्वतः झाडाचा पाला खाऊन दिवस काढलेत तिला ती भूक ऐकीव नव्हती. तिथून त्यांनी शेकडो मुली आणि बायका आणल्या. त्याच वेळी पुण्यात प्लेग, शहरात एवढी माणसं ठेवायला बंदी, मग केडगावला जी जमीन घेऊन ठेवली होती तिथे तंबू आणि झोपड्या टाकून या मुलींना ठेवलं, आणि तेच पुढे मुक्ती मिशन झालं. दौंडच्या बाजूला रेल्वेने जाताना केडगाव स्टेशन लागतं, आजही ते काम चालू आहे. आणि हे पण सांगते, संपादकसाहेब, कारण तुम्हाला त्यात रस वाटेल, पुण्याच्या प्लेग हॉस्पिटलमध्ये बायकांचे जे हाल होत होते त्याबद्दल रमाबाईंनी 1897 मध्ये बॉम्बे गार्डियन या पेपरला पत्र लिहिलं, आणि त्याची चर्चा थेट इंग्लंडच्या पार्लमेंटपर्यंत गेली. ख्रिस्ती माणसाची आशा गुंगीचं औषध आहे म्हणणाऱ्यांनी हे पत्र आठवावं. जिने स्वर्गावर आशा ठेवली होती तीच बाई सरकारला जाब विचारत होती.

आणि एवढं करून शेवट गोड झाला का? नाही झाला. एकुलती एक मुलगी मनोरमा, आईच्या कामात पूर्ण बुडालेली, आंधळ्या मुलींच्या शिक्षणाचं काम तिने उभं केलं, ती 1921 मध्ये वयाच्या चाळिशीत गेली. रमाबाई तेव्हा म्हाताऱ्या, ऐकू कमी यायचं, आणि बायबलचं मराठी भाषांतर हातात होतं, गावाकडच्या बाईला पण कळेल अशा मराठीत, जे छापायचं काम मुक्तीमधल्या मुलीच खिळे जुळवून करत होत्या. मुलगी गेल्यावर त्यांनी ते काम सोडलं नाही. वर्ष पुरं व्हायच्या आत, 5 एप्रिल 1922 ला, त्या पण गेल्या, आणि पुस्तक 1924 मध्ये आलं. मी कितीदा विचार केलाय की मुलीला पुरून आलेली ती आई विलापाच्या ओळींचे कागद तपासताना काय करत असेल. त्यांना कुणी उत्तर दिलं असेल असं मला वाटत नाही. पण सकाळी उठून टेबलाशी बसावंसं वाटणं, ती आशा असते, मला दुसरी कुठली आशा माहीत नाही.

आता गोळ्यांबद्दल, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे. दुखणं सोसणं म्हणजे भक्ती असा समज आपल्या लोकांमध्ये फार आहे, आणि ख्रिस्ती घरांत तर त्याला वधस्तंभाचा आधार पण दिला जातो. मला एकांनी ऐकवलं की प्रभूने सुद्धा वधस्तंभावर गंधरस मिसळलेला द्राक्षारस नाकारला होता. नाकारला, स्वतःसाठी. पण दुसऱ्या कुणालाही त्याने सोस म्हणून सांगितल्याचं मला चारही शुभवर्तमानांत सापडत नाही, जो आला त्याला त्याने बरं केलं, आणि त्याने सांगितलेल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत तो शोमरोनी वाटेत पडलेल्या परक्या माणसाच्या जखमेवर आधी तेल आणि द्राक्षारस ओततो, मग पट्टी बांधतो, प्रवचन देत नाही. लंडनच्या डॉ. सिसिली सॉन्डर्स ख्रिस्ती श्रद्धेनेच मरणाऱ्या माणसांच्या सेवेत आल्या, आधी नर्स होत्या, मग रुग्णांसाठी समाजसेविका, आणि मरणाऱ्या माणसांच्या वेदनेकडे डॉक्टर लक्ष देत नाहीत हे बघून वय उलटून गेल्यावर स्वतः शिकून डॉक्टर झाल्या. 1967 मध्ये त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस काढलं, हॉस्पिस म्हणजे बऱ्या न होणाऱ्या माणसांची शेवटपर्यंत काळजी घेणारं ठिकाण. त्यांचं म्हणणं साधं होतं, वेदना डोकं वर काढायची वाट बघू नका, मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं अफूपासूनचं औषध, ठरलेल्या वेळेला द्या, आणि दुखणं नुसतं हाडात नसतं, मनात असतं, घराच्या काळजीत असतं, देवाशी तुटलेल्या बोलण्यात पण असतं, त्या सगळ्याकडे एकत्र बघा. आपल्याकडे पहिलं हॉस्पिस 1986 मध्ये मुंबईत बांद्र्याला माउंट मेरीजवळ सुरू झालं, शांती आवेदना, नंतर गोव्यात पण त्यांचं केंद्र झालं. तिथे बऱ्या न होणाऱ्या कॅन्सरच्या पेशंटना ठेवून घेतात, जात-धर्म न बघता, पैसे न घेता. बरं होणार नाही हे माहीत असताना एखाद्याचं अंग पुसायचं, तोंड ओलं करायचं, केस विंचरायचे, याला मी श्रद्धा म्हणते.

ताईला मॉर्फिन मिळालं ते उशिरा मिळालं. आधी घरचेच घाबरत होते, सवय लागेल, जीव जाईल. नंतर तयार झालो तर जवळपास कुठे मिळेना, एका दवाखान्यातून दुसऱ्या दवाखान्यात चिठ्ठी घेऊन फिरलो. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती झाली, वेदनेवरच्या या औषधांसाठी परवानग्यांची भानगड कमी केली, पण गावोगावच्या डॉक्टरांपर्यंत आणि मेडिकलवाल्यांपर्यंत ते अजून म्हणावं तसं पोचलेलं मला तरी दिसलं नाही. ज्या रात्री पहिला डोस लागू पडला त्या रात्री ताई स्वतःहून बोलली, आईची आठवण काढली, हळू आवाजात एक गाणं पण म्हटलं. वेदना एवढी मोठी असते की तिच्या आवाजात माणसाला देव ऐकू येत नाही, म्हातारी आई ऐकू येत नाही, काहीच ऐकू येत नाही. म्हणून सांगते, गोळी देणं हे प्रार्थनेच्या विरोधात नाही.

पुनरुत्थानावर माझा विश्वास आहे, अगदी शब्दशः आहे, ताईला मी परत भेटणार आहे हे मी पक्कं धरून आहे आणि यात मला कुणाची परवानगी नको. पण उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, थोमा या शिष्याला त्याने त्याच दाखवल्या. देवाने त्या पुसल्या नाहीत. म्हणजे जे झालं ते झालंच नाही असं तो म्हणत नाही. प्रेषित पौलाच्या अंगातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, पण तीनदा मागून निघाला नाही, त्याला एवढंच उत्तर मिळालं की माझी कृपा तुला पुरे. हे उत्तर मला पूर्वी तोकडं वाटायचं. आता वाटत नाही.

संपादकसाहेब, तुम्ही या विषयाला जागा दिलीत त्याबद्दल आभार. एक विनंती आहे, वाद चालू राहू दे, पण त्याच पानावर एक चौकट द्याल का, की आपल्या जिल्ह्यात आणि आसपास वेदनाशमनाची, पॅलिएटिव्ह केअरची सोय कुठल्या सरकारी आणि ट्रस्टच्या दवाखान्यात आहे, मॉर्फिन कुठे मिळतं, घरी येऊन नर्स बघते का, चिठ्ठी कुणाची लागते. तुमचे वार्ताहर दोन दिवसांत ही माहिती काढतील. आमच्या मंडळीच्या महिला संघाला मी सांगून ठेवलंय, चौकट छापून आली की आम्ही तिच्या झेरॉक्स काढून चर्चच्या, मंदिराच्या, मशिदीच्या आणि मेडिकलच्या दारात लावणार आहोत, आणि ज्या घरात असं दुखणं आहे तिथे रात्रीची पाळी करायला आमच्यातल्या काही जणी तयार आहेत, त्यांचे नंबर मी तुमच्या ऑफिसला वेगळे पाठवते.

आपली,
एक नियमित वाचक,
सोलापूर